दोनशे चौदाचा तीन

आमच्या सासूबाईंना हळू बोलता यायचं नाही. सगळं आयुष्य शेतात गेलेलं, या बांधावरून त्या बांधावर हाक मारायची सवय. त्यामुळे भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या साडीच्या दुकानात काउंटरवरच्या माणसाने ते कार्डाचं मशीन पुढे सरकवून "आई, पिन टाका" म्हटलं, तेव्हा त्यांनी काही टाकलं नाही. दोन्ही हात काउंटरवर ठेवले आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "दाब. दोनशे चौदाचा तीन."

अख्खं दुकान ऐकत होतं. गादीवर आमच्याच गावच्या दोघीजणी साड्या उलगडून बसल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "म्हंजी तुमचा ओढ्याकडचा तुकडाच ना?" सासूबाई म्हणाल्या, "तोच गो." काउंटरवाल्याने दोन, एक, चार, तीन दाबलं, मशीनने कर्रकर्र करत पावती सोडली आणि सगळे हसले. सासूबाईही हसल्या. हसले नाही ती मी एकटी.

दोनशे चौदाचा तीन म्हणजे आमच्या विकलेल्या शेताचा सर्व्हे नंबर. पडघ्याच्या रस्त्याला तेव्हा गोदामांसाठी जमिनी धडाधड जात होत्या, त्यात तो तुकडाही गेला. सासरे आधीच वारले होते, म्हणून सातबाऱ्यावर सासूबाईंचं नाव वारस म्हणून लागलेलं. ज्या शेतात लग्न होऊन आल्यापासून त्यांनी भात लावला, त्याच्या कागदावर त्यांचं नाव आलं ते विकायच्या वेळी. त्यांच्या वाट्याचे पैसे त्यांच्या नावाने बँकेत ठेवले. खातं उघडलं तसं कार्डही आलं. मोबाइल त्यांच्याकडे नव्हता, त्यामुळे खात्याचे मेसेज कुणाला येत नव्हते. आमच्या घरात माझ्यानंतर कार्ड असलेलं माणूस म्हणजे त्याच. नवऱ्याने तेव्हा घेतलंही नव्हतं.

मी निजामपुऱ्यातल्या कारकुनाची मुलगी. लग्न होऊन या गावात आले आणि एका गोदामाच्या ऑफिसात बिलिंगला लागले. घरात कॉम्प्युटर कळणारी मीच, त्यामुळे कार्डाचं सगळं शिक्षण माझ्याकडे. बँकेने दिलेलं सूचनांचं पत्रक मी दोनदा वाचलं होतं. कार्ड दुसऱ्याच्या हातात देऊ नका, नंबर कुणाला सांगू नका, जन्मतारीख ठेवू नका. आणि मी शिकवत होते तरी कशी, तर शाळेतल्या बाईंसारखी, बोट वर करून. नाक्यावरच्या एटीएममध्ये त्यांना पहिल्यांदा नेलं तेव्हा म्हटलं, "आई, झोपेतून उठवलं तरी आठवेल असा नंबर टाका." आणि मी पाठ फिरवून उभी राहिले, कारण नंबर मलाही कळता कामा नये. या माझ्या शिस्तीचा मला काय अभिमान. दुकानात सगळ्यांबरोबर मलाही तो पहिल्यांदाच कळला.

कार्डाच्या मागे एक पांढरी पट्टी असते, सहीसाठी. ती दाखवून त्यांनी मला विचारलं होतं, "मी तर अंगठेवाली. हितं काय करू?" मी म्हटलं, "काही करू नका, राहू द्या रिकामी." त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि बटव्यात ठेवलं.

तर ते साडीचं दुकान. माझा स्वभाव असा की माझं बरोबर असलं की मला थांबता येत नाही. माझी चूक असली तर एक वेळ गप्प बसेन. मी तिथेच, त्या दोघींसमोर आणि काउंटरवाल्यासमोर सुरू झाले. "अहो आई, असा नंबर चारचौघांत सांगतात का? आणि तोही शेताचा? अख्ख्या गावाला एकमेकांचे सातबारे पाठ आहेत. उद्या कुणी खातं साफ केलं म्हणजे डोक्याला हात लावून बसायचं." त्या म्हणाल्या, "गावातलं कोन घेनार हाय गो?" आणि मी म्हटलं, "जमत नसेल तर कार्ड घरी ठेवत जा. उगाच मिरवायला कशाला आणता?"

मिरवायला. हा शब्द मी वापरला. गादीवरच्या दोघी एकदम साड्यांत डोकं घालून बसल्या. सासूबाईंचं तोंड उतरलं. त्यांनी पिशवी काखेत मारली आणि बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. रिक्षात त्या बाहेर बघत बसल्या. मला वाटलं, बरं झालं, आता लक्षात राहील.

पण त्या मिरवत होत्याच, आणि का मिरवू नये, हे मला तेव्हा सुचलं नाही. ज्या बाईला आयुष्यभर दोन बांगड्या भरायच्या झाल्या तरी माझ्या सासऱ्यांकडे पैसे मागावे लागले, तिच्याकडे स्वतःचं कार्ड होतं आणि त्या कार्डाचा नंबर तिचं शेत होतं. दुकानात ती ते मोठ्याने सांगत होती.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जायच्या आधी मी त्यांना घेऊन नाक्यावर गेले आणि नंबर बदलला. या खेपेला निवडला मीच. सात शून्य नऊ चार. कुणाची जन्मतारीख नाही, कुणाचं शेत नाही, कुणाच्या गाडीचा नंबर नाही. कुणाला कळता कामा नये हा माझाच नियम, पण तो मला लागू नव्हता. "पाठ करा," मी सांगितलं. "कुठेही लिहायचा नाही." त्या म्हणाल्या, "मना लिवता कुटं येतं?" मला हे उत्तर अगदी पटलं. लिहिता येत नाही म्हणजे तो धोका तरी नाही, असं मी मनात म्हटलं. काय माझं डोकं.

मग रोज सकाळी चहाच्या वेळी परीक्षा. मी कप हातात घेऊन विचारणार, "सांगा." त्या म्हणणार, "सात... नऊ..." मी डोळे मिटून सुस्कारा सोडणार. नवरा एकदा म्हणाला, "राहू दे ना. तिचे पैसे आहेत, ती बघेल." मी म्हटलं, "तिचे आहेत म्हणूनच." तो पेपरात तोंड घालून बसला. आमच्या घरात मी बोलायला लागले की बाकीच्यांना असं काहीतरी तोंड घालायला लागायचं.

त्या पैशांचं त्यांना काय करायचं होतं, ते मला ठाऊक होतं. शेत विकताना माझ्या नणंदेने आपल्या वाट्याची हक्कसोड लिहून दिली होती. आमच्याकडे बहिणी देतातच, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. नणंद आली, सही केली, जेवली आणि मुरबाडकडे आपल्या घरी परत गेली. एका शब्दाने काही बोलली नाही. ते सासूबाईंच्या मनाला लागून राहिलं होतं. एकदा भाकरी थापताना त्या मला म्हणाल्या, "पोरीनं कायपन न बोलता सही दिली. भाऊबीजेला येईल तवा तिच्या हातात पाटल्या घालीन. माज्या पैशाच्या. माज्या कार्डाच्या." मी म्हटलं, "चांगलं आहे की. आपण दोघी जाऊ सोनाराकडे. नंबर मी दाबेन, तुम्हाला टेन्शन नको." त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.

त्या दिवसांत एक गोष्ट व्हायची. मी संध्याकाळी घरी यायचे तर टीव्हीवर नुसती मुंग्या-मुंग्या. कधी निळा पडदा. त्यांची मालिका सातव्या नंबरला लागायची, तेवढा नंबर त्यांना येत होता. बाकी कुठे जायची त्यांना गरज नव्हती. तरी टीव्ही कुठल्या तरी सत्तराव्या, चौऱ्याण्णवाव्या रिकाम्या चॅनलवर अडकलेला असायचा आणि रिमोट त्यांच्या मांडीवर. मी वैतागायचे. "आई, बिघडवाल हो रिमोट. आधीच त्या चाराचा पाय झिजलाय." त्या रिमोट उशीखाली सरकवायच्या. भाऊबीजेपर्यंत मला न घेता सोनाराकडे जाता यावं म्हणून ही बाई दुपारभर बसून नंबर गिरवते आहे, हे मला सांगायला कुणी तरी यायला हवं होतं का? डोळे होते मला. पण ऑफिसातून आलेली, पाय दुखत असलेले, कुकर लावायचा असलेला. मी रिमोट काढून घ्यायचे आणि बातम्या लावायचे.

दिवाळीला दोन-तीन आठवडे असताना एक दिवस त्या एकट्या गेल्या. मी ड्युटीवर होते, नवरा कामावर. नेहमीच्या शेअर रिक्षाने नाक्यावर उतरल्या, तिथून निजामपुऱ्याकडे सोनाराच्या दुकानात जायचं होतं. दिवाळीची गर्दी म्हणजे भिवंडीत चालायला जागा नसते. लूमवाल्यांना बोनस मिळालेला, प्रत्येक जण खरेदीला बाहेर. त्या गर्दीत त्यांच्या पिशवीला कुणी तरी ब्लेड मारलं. सोनाराच्या पायरीपर्यंत पोचल्यावर त्यांनी पिशवीत हात घातला, तो पिशवीच्या खालून बाहेर आला. बटवा नव्हता. परतीच्या भाड्यालाही पैसे नव्हते. गावातल्याच एका रिक्षावाल्याने ओळखून घरी आणून सोडलं. त्याला त्यांनी सांगितलं, "सुनेला नको सांगूस."

हे सगळं मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी मी आले तेव्हा भात शिजलेला होता, आमटी झालेली होती, आणि त्या ओट्याशी बसून सुईदोऱ्याने पिशवी शिवत होत्या. मी विचारलं, "काय झालं पिशवीला?" त्या म्हणाल्या, "फाटली." मी बघितलं. पिशवीच्या बुडाशी एक सरळ चीर होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आपोआप फाटलेलं कापड इतकं सरळ फाटत नाही. भिवंडीत वाढलेल्या, कापडाच्या ताग्यांत जन्म गेलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. मी म्हटलं, "नवीन घ्या की, शिवत काय बसलात," आणि पर्स टांगायला आत गेले.

पुढे काही दिवस त्या नीट जेवत नव्हत्या. मी म्हटलं, पित्त असेल. सकाळी चहाच्या वेळी मी आपली सवयीने विचारत होते, "सांगा नंबर." आणि गंमत म्हणजे आता त्यांचा नंबर चुकत नव्हता. सात शून्य नऊ चार, एकदम घडाघडा, माझ्याकडे न बघता. मी म्हटलं, "शाब्बास. बघा, जमलं की नाही?" मी त्यांना बक्षीस म्हणून अजून अर्धा कप चहा ओतला होता, तेही आठवतं मला. तिकडे त्या दिवसांत दुसरं कुणी तरी तोच नंबर रोज दाबत होतं.

शेवटी मीच विषय काढला. "रविवारी जाऊ पाटल्या बघायला. कार्ड काढून ठेवा."

त्या सुपात डाळ निवडत होत्या. हात थांबले. "कार्ड न्हाय गो."

"न्हाय म्हणजे? कुठे ठेवलंत?"

"गेलं. पिशवी मारली त्या दिशी."

मला आधी त्या चिरेची आठवण झाली. पण तोंडातून जे बाहेर पडलं ते नेहमीचंच. "आणि आज सांगताय? त्याच दिवशी सांगितलं असतं तर एका फोनवर कार्ड बंद झालं असतं. एका फोनवर! इतके दिवस गप्प का बसलात?"

त्यांनी डाळीतला खडा उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "म्हनूनच न्हाय सांगितलं. तू वरडशील."

मी ओरडतच होते. ते वाक्य त्यांनी म्हटलं तेव्हा माझा आवाज पार चढलेला होता, एक हात कमरेवर होता. मी तशीच फोनकडे गेले. बँकेच्या फोनवर ती धून वाजत राहिली, वाजत राहिली, मग एक मुलगी आली आणि तिने एका मिनिटात कार्ड बंद केलं. खरंच एक मिनिट लागलं. मशीनमधून एका दिवसात ठरावीक रकमेच्या वर काढता येत नाही, हे त्या पत्रकात लिहिलेलं मला पाठ होतं. म्हणजे चोराला पहिल्या दिवशी थोडंच मिळालं असतं. बाकीचे सगळे दिवस त्याला मिळाले ते माझ्यामुळे. चोराची भीती त्यांना नव्हती, माझी होती. खात्यात उरलं त्यात पाटल्या सोडा, एक बांगडी झाली नसती.

कार्ड बंद झाल्यावर चोराने ते पुन्हा एका मशीनमध्ये घातलं असणार, आणि मशीनने ते गिळलं. काही दिवसांनी ते आमच्या शाखेत आलं, म्हणून तिथल्या मॅनेजर साहेबांनी आम्हाला बोलावलं. सासूबाई नको म्हणत होत्या, पण खातं त्यांचं. आम्ही दोघी त्यांच्या टेबलासमोर बसलो. मी तयारी करून गेले होते. तक्रार, भरपाई, कायदे, सगळं बोलायचं होतं. साहेबांनी ड्रॉवरमधून कार्ड काढलं, उलटं केलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

मागच्या पांढऱ्या पट्टीवर, सहीच्या जागी, निळ्या बॉलपेनने आकडे काढलेले होते. सात मोठा. शून्य छोटा आणि थोडा चपटा, दोनदा गिरवलेला. नऊ बरा. आणि चार, पण पूर्ण नाही, खालचा पाय अर्ध्यातच संपलेला. आमच्या रिमोटवरचा चार तसाच होता, पाय झिजलेला. त्यांनी जसा दिसला तसा उतरवला होता.

मला तिथे बसल्या बसल्या सगळं कळलं. दुपारची ती मुंग्या-मुंग्या, मांडीवरचा रिमोट, उशीखाली सरकवायची ती घाई. ज्यांनी आयुष्यात अंगठ्याशिवाय काही उमटवलं नव्हतं, त्यांनी बॉलपेन धरून चार आकडे काढले होते. ते जन्मातलं पहिलं लिहिणं. रोजच्या माझ्या परीक्षेत चुकणारा नंबर सोनाराकडे चुकू नये म्हणून. शेताचा नंबर त्यांना कधी लिहायची गरजच पडली नसती, आणि नाक्यावरच्या गर्दीतल्या अनोळखी चोराला आमचं शेत कुठून माहीत असणार? जो नंबर मी असुरक्षित म्हणून फेकून दिला, तो राहिला असता तर चोराच्या हातात नुसतं प्लॅस्टिक राहिलं असतं.

साहेब म्हणाले, "पिन कार्डावरच लिहिलाय. मग बँक यात काही करू शकत नाही, मॅडम." ते माझ्याशी बोलत होते. मग त्यांनी विचारलं, "कोणी लिहिलं हे?"

मला वाटलं, त्या गप्प बसतील. त्या म्हणाल्या, "मी लिवलं." हळू म्हणाल्या. त्यांना हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. आणि असं म्हणताना त्या साहेबांकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. आता ही काय बोलेल, एवढंच त्या डोळ्यांत होतं.

त्यांचा हात धरावा असं फार वाटलं, पण आमच्यात तसं कधी झालं नव्हतं, आणि माझा हात टेबलावर नुसता पडून राहिला. साहेबांनी कात्रीने कार्डाचे दोन तुकडे केले आणि टेबलाखालच्या टोपलीत टाकले. त्यातला मागच्या पट्टीचा तुकडा मागून घ्यावा असं माझ्या मनात आलं होतं. कसं मागायचं ते कळलं नाही.

भाऊबीजेला नणंद आली. आम्ही नवराबायकोने ठरवलं होतं, आपण पाटल्या करू, नाव आईंचं सांगू. मी सासूबाईंना तसं बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "त्या तुमच्या व्हतील. माज्या न्हाय." त्यात राग नव्हता, नुसता हिशेब होता. नणंदेला साडी दिली. तिने ती डोळ्यांना लावली आणि आईच्या पाया पडली. आई तिच्या मोकळ्या मनगटांकडे बघत राहिली, आणि मी भांडी घासायला उठले.

नवीन कार्ड आलं. पाकीट न फोडताच सासूबाईंनी ते माझ्या हातात दिलं. "तुज्यापाशी ठेव. तुज्याकडं नीट राहील." मी म्हटलं, "आई, तुमचंच आहे. तुमच्याकडे ठेवा. मी काही बोलणार नाही." त्या म्हणाल्या, "नको गो." मी एकटी नाक्यावर गेले आणि नंबर टाकला, दोन एक चार तीन. घरी येऊन त्यांना सांगितलं, जुनाच नंबर ठेवलाय, शेताचा. त्या म्हणाल्या, "बरं केलंस." पुढे त्यांनी तो नंबर कधी उच्चारला नाही. कार्ड माझ्या कपाटात, लॉकरच्या कप्प्यात, त्याला कुणाचा हात लागला नाही. त्या पत्रकात लिहिलंय तसं अगदी सुरक्षित.

बांगडीवाली दारात आली की त्या माझ्याकडे यायच्या. देवळात वर्गणी द्यायची असली की यायच्या. काय पाहिजे ते न सांगता दारात उभ्या राहायच्या. मी मागण्याआधीच पैसे काढायचे, जास्तच द्यायचे, आणि त्या उरलेले मोजून परत आणून ठेवायच्या. मी म्हणायचे, "अहो राहू द्या." त्या ठेवायच्याच.

एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर टीव्ही बंद आणि त्या अंधारात बसलेल्या. मालिकेची वेळ टळून गेली होती. मी विचारलं, "आई, लावली नाहीत?"

त्यांनी रिमोट उचलून माझ्यापुढे धरला. म्हणाल्या, "तूच दाब. माज्याकडून चुकंल."

मी सात दाबला.